स्वित्झर्लंडची इव्ह खानोलकरांची सावित्री झाली आणि तिच्या हातून परमवीर चक्र घडलं

जांभळ्या फितीला लावलेलं ब्राँझचं एक गोल पदक. व्यास जेमतेम ३५ मिलिमीटर. त्यात सोनं नाही, चांदी नाही, रत्नं नाहीत. नुसत्या धातूचा भाव काढायला गेलात तर फारसं काही हाती लागणार नाही. पण १९५० साली सुरू झाल्यापासून हे पदक फक्त २१ जणांना मिळालंय आणि त्यातले १४ जण ते घ्यायला जिवंत नव्हते.

हे पदक म्हणजे परमवीर चक्र. युद्धात शत्रूसमोर दाखवलेल्या शौर्यासाठी भारतात याच्यावर दुसरं पदक नाही.

मेजर सोमनाथ शर्मा, अब्दुल हमीद, अरुण खेत्रपाल, विक्रम बत्रा ही नावं शाळेच्या पुस्तकापासून सिनेमापर्यंत सगळीकडे भेटतात. पण ज्या पदकामुळे ती नावं एका माळेत ओवली गेली, ते पदक घडवलं कुणी, हा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही. आणि उत्तर कळलं की आधी विश्वास बसत नाही. कारण ज्या बाईंनी ते घडवलं त्यांचा जन्म स्वित्झर्लंडमधला, वडील हंगेरियन, आई रशियन आणि आडनाव आपल्या कोकणातलं, खानोलकर.

ही गोष्ट सावित्रीबाई खानोलकरांची आहे.

न्यूशातेलची मुलगी

२० जुलै १९१३. पश्चिम स्वित्झर्लंडमधलं न्यूशातेल हे तळ्याकाठचं गाव. घड्याळांसाठी नावाजलेला, फ्रेंच बोलणारा हा भाग. इथं एका मुलीचा जन्म झाला. नाव ठेवलं इव्ह इव्हॉन मादाय दे मारोस.

वडील आंद्रे दे मादाय हे मूळचे हंगेरीचे, समाजशास्त्राचे प्राध्यापक. आई रशियन. म्हणजे मुलगी जन्मानं स्विस असली तरी घरात एका देशाची, एका भाषेची अशी चौकट कधी नव्हतीच. इव्हचं बालपण जिनिव्हात गेलं. पहिल्या महायुद्धानंतर या शहरात लीग ऑफ नेशन्सचं मुख्यालय आलं आणि जगभरातली माणसं तिथं येऊ-जाऊ लागली. घरी पुस्तकं, बाहेर डोंगर आणि तळी. इव्हला निसर्गाची आणि मोकळ्या हवेची ओढ होती, स्वभाव हळवा होता. पण एकदा मनानं घेतलं की मागं हटायचं नाही, हा गुणही होता. पुढची सगळी कथा या शेवटच्या गुणामुळेच घडली.

सुट्टीवर आलेला कॅडेट

साल १९२९. इव्ह तेव्हा सोळा वर्षांची होती. त्या वर्षी तिची ओळख विक्रम रामजी खानोलकर या मराठी तरुणाशी झाली.

विक्रम इंग्लंडमध्ये सँडहर्स्टच्या रॉयल मिलिटरी कॉलेजात शिकत होते. सत्र संपल्यावरच्या सुट्टीत ते स्वित्झर्लंडला आले होते. त्या काळात हिंदुस्थानी तरुणानं सँडहर्स्टला पोहोचणं ही साधी गोष्ट नव्हती. हिंदुस्थानच्या फौजेत लाखो शिपाई इथलेच होते, पण त्यांच्यावरचे अधिकारी जवळपास सगळे ब्रिटिश. १९१८ पासून सँडहर्स्टमध्ये हिंदुस्थानी मुलांसाठी जागा ठेवल्या गेल्या, त्याही सुरुवातीला वर्षाला फक्त १०. त्यामुळे तिथं शिकणारा प्रत्येक हिंदुस्थानी कॅडेट हा मोजक्यांपैकी एक असायचा.

विक्रम वयानं इव्हपेक्षा बरेच मोठे होते. तरीही इव्ह त्यांच्या प्रेमात पडली. वडिलांना हे मान्य होण्यासारखं नव्हतं. मुलगी अजून शाळकरी वयाची, मुलगा दुसऱ्या खंडातला, धर्म वेगळा, भाषा वेगळी आणि त्याचा देश इंग्रजांच्या ताब्यात. एवढ्या लांब मुलीला पाठवायला त्यांनी नकार दिला.

विक्रम शिक्षण पुरं करून मायदेशी परतले. गोष्ट इथं संपली असती तर त्यात नवल नव्हतं. पण काही वर्षांनी इव्ह त्यांच्या मागोमाग हिंदुस्थानात आली. तेव्हा युरोपातून इकडं यायचं म्हणजे समुद्रावरचा लांबलचक प्रवास. एकदा आलं की मनात आलं म्हणून परत जाता येत नसे. १९३२ साली लखनौमध्ये दोघांचं लग्न झालं. इव्हनं विशी ओलांडलेली नव्हती.

लग्नानंतर तिनं हिंदू धर्म स्वीकारला आणि नाव घेतलं सावित्री. पुढं सगळे त्यांना सावित्रीबाई म्हणूनच ओळखू लागले.

खानोलकरांच्या घरातली सून

खानोलकर हे आडनाव वेंगुर्ल्याजवळच्या खानोली गावाशी नातं सांगणारं. पण फौजी अधिकाऱ्याचं बिऱ्हाड एका गावात कुठलं राहायला? आज इथं, उद्या तिथं. हिंदुस्थानी अधिकाऱ्याच्या युरोपियन बायकोला त्या काळी आणखी एक वाट मोकळी होती. छावणीतल्या गोऱ्या मेमसाहेबांमध्ये मिसळायचं, क्लबमध्ये जायचं आणि आपला देश आपल्यासोबतच घेऊन राहायचं.

सावित्रीबाईंनी ती वाट धरली नाही. साडी आली, शाकाहार आला. मराठी, हिंदी आणि संस्कृत या तिन्ही भाषा त्या शिकल्या, अस्खलित बोलू लागल्या. इथं थांबल्या असत्या तरी लोकांनी कौतुकच केलं असतं. पण त्यांना वरवरचं काही नको होतं. विक्रम यांची बदली पाटण्याला झाली तेव्हा सावित्रीबाईंनी तिथल्या विद्यापीठात संस्कृत आणि वेदान्ताचा अभ्यास सुरू केला. पुराणं, उपनिषदं, प्राचीन इतिहास असं त्यांचं वाचन वाढत गेलं. भारतीय संगीत आणि चित्रकला त्या शिकल्या. उदय शंकर यांच्याकडे त्यांनी नृत्याचे धडे घेतले.

आपल्याला कुणी परदेशी म्हटलेलं त्यांना अजिबात खपायचं नाही. आपण मूळच्या भारतीयच, युरोपात जन्म झाला तो चुकून, असं त्या सांगायच्या. आज हे ऐकायला गोड वाटतं. पण यामागचा खरा प्रश्न सोपा नाही. एखादा देश माझा आहे, हे ठरतं कशावरून? जन्मावरून, कातडीच्या रंगावरून, की कागदावरून? सावित्रीबाईंनी यातलं काहीच हातात नसताना अभ्यासाचा रस्ता निवडला. ज्या गोष्टी इथं जन्मलेल्या माणसाला आजीच्या मांडीवर बसून फुकट मिळतात, त्या त्यांनी पुस्तकं उघडून, व्याकरण घोकून मिळवल्या. या अभ्यासाचा उपयोग देशाला एक दिवस होईल, असं तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

देश नवा, पदकं जुनी

१५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला. दोन-अडीच महिन्यांत काश्मीरमध्ये लढाई सुरू झाली. जवान पराक्रम गाजवत होते, मरत होते. पण त्यांच्या छातीवर लावायला स्वतंत्र भारताचं स्वतःचं पदकच नव्हतं.

तोवर सगळ्यात मोठं पदक होतं व्हिक्टोरिया क्रॉस. १८५६ साली राणी व्हिक्टोरियाच्या नावानं ते सुरू झालं. हिंदुस्थानी सैनिकांना ते मिळण्याची वाट १९११ साली मोकळी झाली. त्यानंतर दोन महायुद्धांत हिंदुस्थानी जवानांनी ते अनेकदा मिळवलं. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर लढलेले मराठा लाइट इन्फंट्रीचे यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव हे दोघे मराठी जवान त्यातलेच. घाडगे १९४४ मध्ये लढता लढता मारले गेले. जाधवांना १९४५ च्या लढाईसाठी हा मान मिळाला.

या जवानांच्या शौर्याबद्दल शंका घ्यायचं कारणच नव्हतं. पण त्या पदकावर ब्रिटिश राजमुकुट होता, सिंह होता, आकार क्रॉसचा होता आणि नाव परक्या राणीचं. स्वतंत्र देशाच्या जवानानं आता ते लावायचं कसं?

दुसरी अडचण कायद्याची होती. १९४७ ते १९५० या काळात भारत स्वतंत्र होता, पण प्रजासत्ताक झाला नव्हता. कागदोपत्री देशाचा प्रमुख अजून राजा सहावा जॉर्जच होता. नवीन पदक सुरू करायचं तर ते त्याच्या नावानं करावं लागलं असतं. त्यामुळे पदकांची तयारी आधीच सुरू झाली तरी ती जाहीर व्हायला २६ जानेवारी १९५० उजाडावा लागला. देश प्रजासत्ताक झाला त्याच दिवशी परमवीर चक्र, महावीर चक्र आणि वीर चक्र सुरू झाली. ती लागू मात्र १५ ऑगस्ट १९४७ पासून करण्यात आली. म्हणजे काश्मीरमध्ये आधीच लढून गेलेल्यांचा हक्क बुडाला नाही.

अटल यांनी दार ठोठावलं

नवीन पदकांची जबाबदारी मेजर जनरल हिरालाल अटल यांच्यावर होती. स्वतंत्र भारताच्या सैन्याचे ते पहिले भारतीय अॅडज्युटंट जनरल. जवानांची भरती, शिस्त, कल्याण, मानसन्मान अशा गोष्टी या पदाकडे येतात.

अटल यांच्यापुढचं काम नुसत्या नक्षीचं नव्हतं. पदक इंग्रजांचं वाटायला नको होतं. एका प्रांताचं किंवा एका पलटणीचं वाटूनही चालणार नव्हतं. शिवाय ते साध्या शिपायाला कळायला हवं होतं. सर्वोच्च शौर्य म्हणजे काय, ते चार रेषांत सांगायचं होतं.

यासाठी त्यांनी सावित्रीबाई खानोलकरांची मदत मागितली. कारण सरळ होतं. पुराणं, संस्कृत आणि प्राचीन भारताच्या खाणाखुणा यांची त्यांच्याइतकी जाण असलेली आणि हातात चित्रकलाही असलेली व्यक्ती फौजी वर्तुळात सापडणं अवघड होतं. त्या स्वतः फौजी घरातल्या होत्या. सीमेवर गेलेल्या माणसाची वाट पाहणं म्हणजे काय, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

ज्या बाई जन्मानं परदेशी होत्या, त्यांच्याकडे भारताच्या सर्वोच्च लष्करी पदकाचं काम आलं, ते असं.

दधीची ऋषींची हाडं

आता गंमत बघा. सर्वोच्च शौर्याचं चिन्ह काढायला सांगितलं तर बहुतेकांच्या डोळ्यापुढं काय येईल? सिंह, वाघ, तलवार, गदा, बाण. सगळी मारणारी चिन्हं.

सावित्रीबाईंनी निवडलं इंद्राचं वज्र. हेही शस्त्रच आहे, पण ते बनलं कशापासून, त्यात सगळा अर्थ आहे.

पुराणातली कथा अशी. वृत्र नावाच्या असुरानं देवांना हैराण केलं होतं. कुठल्याही शस्त्रानं तो मरेना. शेवटी कळलं की दधीची ऋषींच्या हाडांपासून बनवलेल्या शस्त्रानंच त्याचा वध होईल. देव दधीचींकडे गेले. एखाद्याकडे जाऊन त्याची हाडं मागायची म्हणजे त्याचा जीवच मागायचा. दधीचींनी नाही म्हटलं नाही. त्यांनी आपणहून देह ठेवला. त्यांच्या हाडांपासून विश्वकर्म्यानं वज्र घडवलं आणि त्या वज्रानं इंद्रानं वृत्राला मारलं.

या कथेत लढाई जिंकतो इंद्र. पण ज्याच्यामुळे ती जिंकली गेली तो रणांगणावर कुठंच नाही. तो आधीच सगळं देऊन गेलेला आहे.

सैनिकाच्या शौर्याचा सावित्रीबाईंनी लावलेला अर्थ हा होता. शत्रूचे किती मारले, हा हिशोब इथं दुय्यम आहे. स्वतःजवळचं शेवटचं जे काही आहे ते दुसऱ्यांसाठी देऊन टाकणं, हे परमवीराचं लक्षण. २१ पैकी १४ परमवीर चक्रं मरणोत्तर दिली गेली, हे आकडे पाहिले की त्यांनी चिन्ह किती अचूक शोधलं होतं ते लक्षात येतं.

आणखी एक गोष्ट. वज्र हे फक्त एका पंथाचं चिन्ह राहिलेलं नाही. बौद्ध परंपरेतही त्याला मोठं स्थान आहे. लडाखपासून अरुणाचलपर्यंतच्या मठांत ते दिसतं. आणि पदक मिळालेल्यांची यादी पाहिली तर उत्तर प्रदेशचे अब्दुल हमीद आहेत, आजच्या झारखंडमधले आदिवासी ख्रिश्चन अल्बर्ट एक्का आहेत, मुंबईत जन्मलेले पारशी अर्देशीर तारापोर आहेत, पंजाबचे शीख जवान आहेत, नेपाळी वंशाचे धनसिंग थापा आहेत. पुराणातून उचललेलं चिन्ह या सगळ्यांच्या छातीवर शोभलं, कारण त्यामागचा अर्थ कुणाही माणसाला लागू पडणारा होता.

पदकात नेमकं काय काय आहे?

परमवीर चक्र ब्राँझचं आहे. त्याच्या खालच्या पायरीवरची महावीर चक्र आणि वीर चक्र ही दोन्ही पदकं मात्र चांदीची आहेत. म्हणजे सगळ्यात मोठं पदक सगळ्यात साध्या धातूचं. व्हिक्टोरिया क्रॉसही ब्राँझचाच असतो.

आकार गोल. पुढच्या बाजूला मधोमध राष्ट्रचिन्ह, म्हणजे अशोकस्तंभाचे सिंह. त्याच्याभोवती इंद्राच्या वज्राच्या चार प्रतिकृती. मागच्या बाजूला हिंदी आणि इंग्रजीत परमवीर चक्र अशी अक्षरं आणि त्यांच्या मध्ये दोन कमळं. पदक ज्या आडव्या पट्टीला टांगलेलं असतं ती फिरणारी आहे, त्यामुळे पदक उलटसुलट करून दोन्ही बाजू पाहता येतात. फीत ३२ मिलिमीटर रुंद, साधी जांभळी, तिच्यावर एकही पट्टा नाही.

सोशल मीडियावर या पदकाबद्दल एक गोष्ट हमखास फिरते. वज्राच्या दोन्ही बाजूंना छत्रपती शिवाजी महाराजांची भवानी तलवार आहे, असं अनेक लेखांत आणि पोस्टमध्ये लिहिलेलं असतं. पदकाच्या अधिकृत वर्णनात मात्र भवानीचा उल्लेख नाही. तिथं फक्त वज्राच्या चार प्रतिकृती आणि राष्ट्रचिन्ह आहे. महाराष्ट्राच्या सुनेच्या हातून घडलेल्या पदकात भवानी शोधावीशी वाटणं स्वाभाविक आहे, पण पदकाचा मुख्य आधार दधीचींची कथा हाच आहे.

एकच नाही, सहा पदकं

सावित्रीबाईंचं नाव परमवीर चक्रामुळे लक्षात राहिलं, पण त्यांचं काम तिथंच थांबलं नाही.

महावीर चक्र हे युद्धातल्या शौर्याचं दुसऱ्या क्रमांकाचं पदक. ते चांदीचं असून त्यावर पाच टोकांचा तारा आहे आणि मधोमध राष्ट्रचिन्ह. फीत अर्धी पांढरी, अर्धी केशरी. तिसऱ्या क्रमांकाच्या वीर चक्रावरही पाच टोकांचा तारा आहे, पण त्याच्या मध्यभागी चक्र आहे. त्याची फीत अर्धी गडद निळी आणि अर्धी केशरी.

ही झाली युद्धातली पदकं. पण अतिरेक्यांशी झुंजताना, आगीतून माणसं काढताना, शत्रू समोर नसतानाही माणसं जिवावर उदार होतात. त्यांच्यासाठी १९५२ साली अशोक चक्र सुरू झालं. तेव्हा त्याचे पहिला, दुसरा आणि तिसरा असे तीन वर्ग होते. १९६७ साली ही नावं बदलून अशोक चक्र, कीर्ती चक्र आणि शौर्य चक्र अशी करण्यात आली. अशोक चक्राला सोन्याचा मुलामा असतो, कीर्ती चक्र चांदीचं आणि शौर्य चक्र ब्राँझचं. मध्ये अशोकाचं चक्र आणि त्याभोवती कमळांची माळ.

या सहाही पदकांच्या रचनेचं श्रेय सावित्रीबाईंना दिलं जातं. स्वातंत्र्यानंतर अनेक वर्षं वापरात असलेलं १९४७ चं जनरल सर्व्हिस मेडलही त्यांचंच मानलं जातं. दर २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला शौर्य पदकांची यादी जाहीर होते. बातम्यांमध्ये ज्या चक्रांची नावं आपण ऐकतो, ती सगळी एका बाईंच्या कागदावरून पुढं आलेली आहेत.

पहिलं परमवीर चक्र आणि खानोलकरांचं नातं

पहिलं परमवीर चक्र कुणाला मिळालं? कुमाऊँ रेजिमेंटच्या चौथ्या बटालियनचे मेजर सोमनाथ शर्मा यांना.

१९४७ च्या ऑक्टोबरअखेरीस त्यांची कंपनी विमानानं श्रीनगरला उतरवली गेली. हॉकी खेळताना दुखावल्यामुळे त्यांचा हात प्लास्टरमध्ये होता. त्यांनी मागं राहावं असं कुणीही म्हटलं असतं, पण ते हट्टानं कंपनीसोबत गेले. ३ नोव्हेंबरला बडगामला त्यांच्या तुकडीवर शेकडो हल्लेखोर तुटून पडले. मागं थोड्याच अंतरावर श्रीनगरचा विमानतळ होता. तो गेला असता तर काश्मीरमध्ये कुमक उतरवायची वाटच बंद झाली असती. सोमनाथ शर्मा एका हातानं जवानांना बंदुकांची काडतुसं भरून देत होते. मागं हटायचं त्यांनी नाकारलं. जवळच तोफगोळा फुटला आणि ते मारले गेले. वय होतं फक्त २४. त्यांच्या तुकडीनं शत्रूला रोखून धरलं तेवढ्या वेळात कुमक पोहोचली आणि विमानतळ वाचला.

याच सोमनाथ शर्मांचे धाकटे भाऊ सुरिंदरनाथ शर्मा हे सावित्रीबाईंच्या थोरल्या मुलीचे पती. म्हणजे सावित्रीबाईंनी घडवलेलं पहिलं परमवीर चक्र त्यांच्याच लेकीच्या सासरी गेलं. याला योगायोगाशिवाय दुसरं नाव नाही. शर्मा घराण्यातलेच आणखी एक भाऊ, जनरल विश्वनाथ शर्मा, पुढं १९८८ ते १९९० या काळात भारताचे लष्करप्रमुख झाले.

१९४७-४८ च्या काश्मीर युद्धासाठी एकूण पाच परमवीर चक्रं दिली गेली. त्यातलं एक कारवारजवळच्या चेंडिया गावचे रामा राघोबा राणे यांचं. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा ते राजौरी या रस्त्यावर सुरुंग पेरलेले होते, झाडं आडवी पाडलेली होती आणि वरच्या डोंगरांवरून गोळीबार चालू होता. बॉम्बे सॅपर्सच्या राणेंनी जखमी अवस्थेत तो रस्ता मोकळा केला आणि रणगाडे राजौरीपर्यंत पोहोचले. राणे वाचले. ज्या सात जणांना हे पदक जिवंतपणी मिळालं, त्यातले ते एक.

१९५२ नंतर

पदकं जाहीर होऊन दोन वर्षं होतात न होतात तोच, १९५२ साली मेजर जनरल विक्रम खानोलकर यांचं निधन झालं. ज्या माणसासाठी इव्हनं घर, देश, नाव सगळं सोडलं होतं, तो लग्नानंतर वीस वर्षांनी गेला. सावित्रीबाई तेव्हा चाळिशीच्याही आत होत्या.

आता परत जायला काहीच हरकत नव्हती. पण त्या गेल्या नाहीत. फाळणीत घरदार गमावून आलेल्या निर्वासितांसाठी आणि सैनिकांच्या कुटुंबांसाठी त्या आधीपासून काम करत होत्या. ते त्यांनी पुढं चालू ठेवलं. मन अध्यात्माकडे वळलं आणि त्या रामकृष्ण मठाच्या आश्रयाला गेल्या.

याच ओढीतून त्यांनी महाराष्ट्रातल्या संतांवर पुस्तक लिहिलं. ज्ञानेश्वर, नामदेव, एकनाथ, तुकाराम यांची परंपरा मराठी माणसाच्या तोंडी पाठ असते, पण मराठी न येणाऱ्यांपर्यंत ती पोहोचायला कुणीतरी मध्ये उभं राहावं लागतं. न्यूशातेलमध्ये जन्मलेल्या बाईंनी ते काम केलं. संतांच्या मराठीपर्यंत त्या स्वतः शिकून पोहोचल्या होत्या. त्यामुळे बाहेरून येणाऱ्याला कुठं अडखळायला होतं, हे त्यांना नेमकं माहीत असणार.

२६ नोव्हेंबर १९९० रोजी वयाच्या ७७ व्या वर्षी सावित्रीबाईंचं निधन झालं. तोवर १७ जणांना परमवीर चक्र मिळालं होतं. १९९९ च्या कारगिल युद्धानंतर त्यात चौघांची भर पडली आणि आकडा २१ वर गेला.

नाव कुठं आहे?

२०२३ साली अंदमानमधल्या २१ बेटांना २१ परमवीरांची नावं देण्यात आली. प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात परमवीर चक्र आणि अशोक चक्र मिळालेले जवान उघड्या जीपमधून पुढं जातात आणि लोक उभे राहून टाळ्या वाजवतात. ते योग्यच आहे. पदक त्यांचं आहे.

सावित्रीबाईंचं नाव पदकावर नाही. त्यांना ते तिथं हवंही नसणार, कारण दधीचींच्या कथेत वज्रावर दधीचींचं नाव कोरलेलं नाही. पण त्यांच्याबद्दल सांगताना अजूनही पहिला शब्द येतो तो स्विस किंवा परदेशी. आयुष्यभर जो शब्द त्यांना सहन झाला नाही, नेमका तोच. त्यांच्या आयुष्यातली स्वित्झर्लंडची वर्षं १९ च्या आसपास भरतात आणि भारतातली जवळपास ५८. मराठी बोलणाऱ्या, संस्कृत शिकलेल्या, संतांवर लिहिणाऱ्या आणि देशाच्या सर्वोच्च शौर्याला आकार देणाऱ्या या बाईंची ओळख करून देताना पुढच्या वेळी सुरुवात सावित्रीबाई खानोलकर या नावानं करायला हवी. जन्मगाव नंतर सांगितलं तरी चालेल.